जवळची व्यक्ती

"इस्त्रीवाले तुमचे कोण लागतात, मॅडम?"

शिवणवालीचे दोन्ही हात मशीनच्या सुईखाली गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. वसुलीवाल्याचा आवाज दुकानभर झाला. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या इस्त्रीवाल्याच्या बायकोनं ओढता ओढता दोरा तसाच धरला.

"का हो?"

"नव्या इस्त्रीसाठी कर्ज घेतलंय त्यांनी. दोन हप्ते थकलेत. फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून तुमचा नंबर आहे."

थकलेले हप्ते बायकोला ठाऊक होते. जवळची व्यक्ती ठाऊक नव्हती.

असा फोन कसा बंद करायचा, तेही तिला ठाऊक होतं. बँकेच्या रांगेत उभी असताना भिंतीवरचा कागद तिनं दहादा वाचला होता: कर्ज ज्याचं त्यालाच विचारायचं, भलत्यांना सांगत सुटायचं नाही. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य तिनं दाताखाली दाबून धरलं. शिवणवाली काय उत्तर देते, ते तिला ऐकायचं होतं.

शिवणवालीनं दुकानातच इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या इस्त्रीवाल्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "जवळचे? आता काय सांगू बाई! चार हातांवर तर उभे आहेत."

बायकोच्या बोटात सुई घुसली. ती उठली आणि तिनं फोन उचलला.

"ऐका. त्यांचं कर्ज दुसऱ्यांना सांगायचा हक्क नाही तुम्हाला. पुन्हा इथं फोन आला तर तक्रार करीन. नाव सांगा तुमचं."

नाव आलं नाही. फोन कट झाला. काचेवर तिच्या बोटाचा लाल ठिपका तेवढा उरला.

"सुटले गं बाई," शिवणवाली म्हणाली आणि शिलाईकडे वळली.

बायको इस्त्रीच्या टेबलापाशी गेली. "फॉर्मवर बाईंचा नंबर बरा सुचला तुम्हाला."

"अगं, दुकान उघडलं का, विचारायला रोज लावतो. पाठच झालाय."

"आणि माझा?"

इस्त्री हातातच थांबली. "तुला कशाला लावावा लागतो फोन? तू तर कायम समोरच असतेस."

उत्तर गोड होतं. तिला ते गिळवेना.

"हो ना. समोरच्या भिंतीचा नंबर कोण पाठ करतंय!"

ती जागेवर जाऊन बसली. बोट पदरात गुंडाळलं, सुईत दोरा ओवला. मशीन खडखडत राहिली. मग पाळण्याला झोका द्यावा तशी इस्त्री हळूहळू पुढं-मागं होऊ लागली, आणि दर झोक्याला एकेक आकडा खालच्या आवाजात:

"नऊ... आठ... दोन... सहा..."

तिनं काजावरची मान वर केली नाही.

"सहा नाही, सात," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."