हजेरीपटावरचा अंगठा

"आबा, बहात्तरच्या दुष्काळात तुमी तलाव खोदला, पुस्तकात तुमचं नाव पयलं हाय," गावाचा इतिहास लिहिणारे जिंतूरचे सर म्हणाले. "मी तवा हैदराबादेत हमाली करत होतो. माती उपसली माझ्या बायकोनं, धुरपतानं," मी म्हणालो. तिला जाऊन दोनच महिने झाले होते. सर समजूत काढल्यासारखं हसले. "आठवणीत गफलत होते. हा बघा सरकारी हजेरीपट. नाव तुमचंच हाय. कागद कशाला खोटं बोलंल?" कारकून बायकांच्या हजेरीला नवऱ्याचं नाव लावायचा, हे सांगूनही त्यांना पटेना. मी हजेरीपट हिसकावून घेतला. माझ्या नावापुढं रोज अंगठा उमटलेला होता. "सर, मी सातवी पास हाय. जन्मभर सही केली. हा अंगठा कुणाचा?" त्यांची मान खाली गेली. "पण पुस्तक छापून आलंय. पाचशे प्रती." "आणा सगळ्या. माझं नाव खोडून तिचं लिहितो."