मोज्यांचे दोन जोड

एकाहत्तरची लढाई संपून दोन वर्षं झाली, तरी मानसिंगची पलटण कुठं आहे हे उंब्रजमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्त्यावर नुसता नंबर असायचा आणि पत्रात 'मी खुशाल आहे' एवढंच. मुलखाचं नाव सोडाच, तिथल्या हवेबद्दलही लिहायला बंदी होती. पोरगं बर्फात आहे का वाळवंटात, या एकाच घोरानं त्याची आई, रंगूबाई, पार दमून गेली होती.

शेवटी लेकीकडं सांगलीला गेली तेव्हा तिनं एक लोकरीचा आणि एक सुती, असे मोज्यांचे दोन जोड घेतले. पेन्शनवर आलेल्या नाथाजी हवालदारांकडून चिठ्ठी लिहून घेतली, "लागंल त्यो जोड ठेव, नको असंल त्यो माघारी धाड."

दीड महिन्यानं पत्र आलं. नाथाजींनीच वाचून दाखवलं, "आई, दोन्ही जोड रोज घालतो, म्हणून एकही परत पाठवत नाही."

रंगूबाई कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकून बसली. "म्हंजी लय थंडी बी न्हाई आन् लय ऊन बी न्हाई. हवा आपल्यावाणीच हाय. व्हय न्हवं, भावजी?"

"व्हय वयनी, आपल्यावाणीच," म्हणत नाथाजींनी पाय धोतराखाली ओढून घेतले.

त्या पायांची तीन बोटं बर्फात गेली होती, सुतीवर लोकरी असे दोन्ही मोजे एकदम चढवूनसुद्धा.