गुपचूप पुढचं गाणं

गाण्यांच्या ॲपमध्ये एखादी फाईल खराब निघाली तर एरर दाखवायची नाही, गुपचूप पुढचं गाणं लावायचं, ही प्रशीलची कल्पना. पुण्याच्या ऑफिसात तिचं कौतुकही झालं होतं.

वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला तो धरणगावला आला. आबांनी गायलेलं भीमगीत लाव, असं त्याने म्हणताच आईने आपला फोन पदराखाली ओढला. प्रशीलने तो मागून घेतला. आबांचं गाणं फोनातच होतं. आईने या नव्या फोनात टाकताना फाईल थोडी बिघडली होती, एवढंच. त्याचं ॲप ते न सांगता ओलांडून पुढे जात होतं. त्याची मान वर होईना.

आईच आधी बोलली, “वरीसभर तुले सांगानी हिंमत नही व्हयनी रे. तुना बापना आवाज मना हातथून पुसाई गया.”