आईचा वरवंटा

“अण्णा, बॅगेत दगड भरलेत का?” हर्षालीने विचारलं.

 यादवरावांनी लेकीच्या बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. भुसावळ स्थानकातली सरकती वाट दोघांना अगदी सावकाश गाडीकडे नेत होती. ज्याच्याजवळ ओझं जास्त, त्याचा तोल जाऊ नये म्हणून ही वाट त्याच्या पायांखाली मंदावायची. रिकाम्या हातांची माणसं शेजारून भर्रकन पुढे जात होती.

“पाणी घेतलंस?”

“घेतलं.”

“बॅगेची चेन नीट लागते ना?”

“लागते हो, अण्णा.”

“मागच्या वेळी अडकत होती.”

तेवढ्यात गाडीचं दार आलं. यादवरावांनी बॅग उघडून टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा बाहेर काढला. हर्षाली बघतच राहिली.

“हा तुझ्या आईने दिला,” ते म्हणाले. “गुडघ्यांमुळे तिला काही येता येत नाही. म्हणाली, बॅग जड करा, म्हणजे निदान तुम्ही तरी हर्षालीशी पोटभर बोलून घ्याल.”

हर्षालीने टॉवेलावरून एकदा हात फिरवला, बॅग घेऊन ती गाडीत चढली, आणि दार लागलं.

यादवराव वरवंटा छातीशी धरून परत निघाले. वाट आताही सावकाशच सरकत होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते मागे वळून बघत राहिले. घरी गेल्या गेल्या हर्षालीची आई विचारणार होती, काय काय बोललात? आणि ते एवढा वेळ बॅगेच्या चेनबद्दल बोलले होते.