तेहतिसावं वाक्य

आखातात कामाला जाणाऱ्यांच्या वर्गात वाटलेल्या अरबीच्या कागदावर बत्तीस वाक्यं होती. परांचीवाल्यानं बोट ठेवून ती सगळी वाचली, मग कागद उलटा करून मागे काही छापलंय का ते पाहिलं. मागे कोरं होतं.

"सर, ह्यात 'सांभाळ, बाजूला हो' कुठंय?"

सर फळ्यावर लिहीत होते : आसिफ, म्हणजे माफ करा. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "आहे तेवढं पाठ कर. परीक्षा त्यावरच आहे."

"पाठ झालंय. हो साहेब, आलो साहेब, चुकलं साहेब, लगेच करतो साहेब. मी परांची बांधतो, सर. मला वरून खाली ओरडावं लागतं. हातातला पाना निसटला तर खालच्याला काय सांगू? चुकलं साहेब?"

वर्गात हशा पिकला. शेजारी बसलेला मेहुणा तेवढा हसला नाही. अकरा वर्षं तो ह्याच्याच परांचीखाली उभा राहून पाइप वर देत आला होता. परदेशीही दोघं जोडीनंच जाणार होते, एकाच कामावर.

"तिकडे आरडाओरडा चालत नाही," सर म्हणाले. मग हातावरचा खडू झटकत, जरा खालच्या आवाजात, "आणि तो शब्द मलाही येत नाही. मी कुठं गेलोय तिकडे."

म्हणजे जो कधी गेलाच नाही, तो जाणाऱ्यांना तिथं मान कशी खाली घालायची ते शिकवत होता. वर हजेरीही घेत होता.

मागच्या बाकावरच्या फरशीवाल्याची तिकडे जायची ही दुसरी खेप. तो म्हणाला, "इंतबिह. सांभाळ, असं."

"तुम्ही कुठं शिकलात?"

"तिथंच. आमच्यातला एक गेला, त्यानंतर."

आता कोणी हसलं नाही. परांचीवाल्यानं बत्तीसच्या खाली तेहतीस आकडा घातला आणि शब्द लिहिला. मेहुण्याच्या कागदावरही लिहिला, दोनदा गिरवून.

दुपारी तोंडी परीक्षा झाली. मेहुणा आधी आत गेला आणि पास होऊन बाहेर आला. मग परांचीवाला. कंपनीचा अधिकारी विचारत गेला, हा मान खाली घालून उत्तरं देत गेला. एकही चुकलं नाही.

"छान. आता तुझ्या मनानं एक वाक्य म्हण."

परांचीवाल्यानं छाती भरून घेतली आणि चौथ्या मजल्यावरून द्यावी तशी हाक दिली. "इंतबिह!"

बाहेर रांगेतली माणसं दचकून मागे सरकली. अधिकाऱ्यानं कान चोळला. "शब्द बरोबर आहे. पण हळू म्हण. हळू म्हटलास की पास करतो."

"हा हळू म्हणायचा शब्दच नाही, साहेब. हळू म्हटला तर खालचा मेला."

"इथं कोण मरतंय? एकदा हळू म्हण आणि मोकळा हो. कशाला हट्ट करतोस?"

परांचीवाल्याचं डोकं सणकलं. ह्या माणसानं जन्मात कधी वर मान करून परांची पाहिली नसणार. तरी नोकरीचा प्रश्न होता, म्हणून त्यानं राग गिळला आणि हळू म्हणायला तोंड उघडलं. आवाज पहिल्याहून मोठा निघाला.

अधिकाऱ्यानं चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. नापास. शेरा : आवाज मोठा.

बाहेर पायरीवर मेहुण्यानं ती चिठ्ठी वाचली. मग स्वतःची काढली, पुन्हा खिशात घातली.

"दाजी, मग तिकडे माझ्या डोक्यावर कोण असेल?"

"असेल कोणीतरी," परांचीवाला म्हणाला. "हळू बोलून पास झालेला."