ना हरकत

साइमीनं ठरवूनच ती गोष्ट सॉनात, वाफेच्या लाकडी खोलीत काढली. सॉनात चर्चमधल्यासारखं वागायचं, आवाज चढवायचा नाही, हे कार्हुलाहती गावात पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. शिवाय आत्ताच मॅच जिंकली होती आणि सगळी टीम फळ्यांवर दाटीवाटीनं बसून घाम गाळत होती. याहून बरी वेळ कुठली मिळणार?

“पिर्को,” ती म्हणाली, “मला घ्यायला त्या शहरातल्या क्लबचा अर्ज आलाय ना तुझ्याकडे?”

पिर्को सगळ्यांत वरच्या फळीवर, पाण्याच्या बादलीशेजारी बसली होती. टीमची मॅनेजर तीच, बस चालवणारी तीच आणि मध्यंतरात प्रेक्षकांना कॉफी विकणारीही तीच. दुसऱ्या श्रेणीत बायकांचं आइस हॉकी असंच चालतं. तिनं ओगराळंभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं.

“आलाय की. सकाळीच आला.”

“क्लब बदलायचा आज शेवटचा दिवस आहे. चार वाजता बंद होतं. तू ना हरकत दिली नाहीस तर...”

“तर पुढच्या मोसमापर्यंत तू इथंच. ठाऊक आहे गं.”

सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं. पहिल्या श्रेणीतून बोलावणं या गावात आजवर कुणालाही आलं नव्हतं. आणि टीमला साइमीशिवाय गोलकीपर नव्हती. दुसरी होती, ती बाळंतीण होऊन घरी बसली होती. गोलकीपर नाही तर मॅच नाही. दोन मॅच सोडल्या की स्पर्धेच्या यादीतून टीमचं नाव कटतं. नाव कटलं की या बायकांची बर्फावरची वेळ पुरुषांच्या चौथ्या टीमला जाणार. ते बाप्ये तर टपूनच बसलेत.

“शिव्या द्या की मला,” साइमी म्हणाली. “निदान एखादी तरी द्या.”

“शिव्या कशाला?” खालच्या फळीवरून एकजण म्हणाली. “तुझं सोनं होऊ दे, बाई.”

“टीव्हीवर दिसशील,” दुसरी म्हणाली. “मी नवऱ्याला सांगणार, ती बघ, माझे मोजे चोरायची.”

सगळ्या खदखदून हसल्या. त्या हसण्यात खोट नव्हती, आणि तेच वाईट होतं. एकीनं जरी तोंड वाकडं केलं असतं, तरी साइमीला तणतणत निघून जाता आलं असतं. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला रडू यायला लागलं. घामात ते कुणाला दिसलं नाही.

“मी अडवायची नाही तुला,” पिर्को शेवटी म्हणाली. “पण माझ्या हातानं ते संमतीचं बटण मला दाबवणार नाही. फोन बाहेर बाकावर आहे. मी त्याचं कुलूप काढून ठेवलंय. तूच दाब.”

साइमी टॉवेल गुंडाळून कपडे बदलायच्या खोलीत आली. फोनवर तिचं नाव होतं आणि खाली दोन चौकोन, संमती आणि नकार. चाराला दहा मिनिटं कमी होती. तिनं बोट टेकवलं, पण बोट ओलं होतं, फोननं ते मानलं नाही. ती टॉवेलला बोट पुसत होती, तेवढ्यात मागचं दार उघडलं.

कप्तान मार्केत्ता आली होती. गावात टपाल वाटणारी, एक्केचाळीस वर्षांची. ती समोरच्या बाकावर बसली आणि तिनं साइमीचे गोलकीपरचे पॅड ओढून घेतले.

“हे क्लबचे ना? नेणार नाहीस ना तू?”

“नाही.”

“मग घालून बघते.”

“तू? तू गोलमध्ये उभी राहणार?”

“मग कोण? शनिवारी मॅच आहे. कुणीतरी उभं राहायला हवं.”

“मार्केत्ता, तुझा गुडघा! डॉक्टरनं काय सांगितलंय?”

“गुडघे दोन असतात माणसाला.”

तिनं पॅड पायाला लावला. बकलं आतल्या बाजूला आली.

“उलटा घातलास,” साइमी म्हणाली. “बकलं एकमेकांत अडकतील आणि पहिल्याच चेंडूला तोंडावर आपटशील. चेंडू कसला, चकती! बघ, तुझ्यापायी मलाही काही सुचेना.”

मार्केत्तानं पॅड काढला, फिरवला आणि दुसऱ्या पायाला तसाच उलटा लावला. ती मुद्दाम करत नव्हती. तिला खरंच येत नव्हतं. टॉवेलखालून ऑपरेशनचा व्रण दिसत होता, सॉनातल्या उष्णतेनं लालबुंद झालेला.

साइमीनं फोन बाकावर ठेवला आणि ती गुडघे टेकून तिच्या पायाशी बसली. पॅड सरळ केला. खालचा पट्टा आवळला, मग पोटरीवरचा, मग गुडघ्याखालचा. व्रणाला धक्का लागू नये म्हणून शेवटचा पट्टा तिनं दोनदा सोडला आणि दोनदा बांधला. दुसरा पाय अजून राहिलाच होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चाराला टेकत आला होता.

“सावकाश कर गं,” मार्केत्ता म्हणाली. “मला काही घाई नाही.”