निरंक

पेटी रिकामी असायला हवी होती, पण भिंतीवरून उतरवताना सुताराला दोन्ही हात लावावे लागले. पाच वर्षांपूर्वी त्यानेच ती या कार्यालयासाठी बनवली होती. समोर ‘तक्रार पेटी’ अशी ठसठशीत अक्षरं, वर चिठ्ठी टाकायला फट. आज तिला जरा खाली सरकवून वर सन्मानफलक लावायचा होता: ‘सलग पाच वर्षं एकही तक्रार नाही.’ पाहुणे चारला यायचे होते.

स्टुलावरून उतरताना पेटीची तळफळी निसटली आणि चिठ्ठ्यांचा ढीग साहेबांच्या बुटांवर पडला.

साहेबांनी कारकून बाईंकडे पाहिलं. “तुम्ही तर दर महिन्याला लिहून देत होता. पेटी तपासली, तक्रारी निरंक.”

“तपासत होतेच ना, साहेब. बाहेरून.” बाई रडकुंडीला आल्या. “आतून कशी तपासणार? तिला दारच नाही.”

आता दोघांनी सुताराकडे पाहिलं. दार नव्हतं, हे खरंच होतं. नकाशावर तीन सह्या होत्या, पॉलिशचा रंग लिहिलेला होता, कुलपाची कडीसुद्धा काढलेली होती. फक्त दार नव्हतं. त्याने तेव्हा याच साहेबांना विचारलं होतं, “साहेब, दार?” “नकाशात आहे का?” “नाही.” “मग?” त्या ‘मग’पुढे त्याचं काही चाललं नाही. त्याने कडी ठोकली, कुलूप लटकवलं आणि विसरून गेला.

साहेबांनी वाकून फटीत बोट घातलं. “एवढ्या पडल्या तरी वर फटीपाशी अजून ठासून भरलीय. म्हणजे निदान गेलं वर्षभर तरी एकही चिठ्ठी आत गेली नसणार.” त्यांचा चेहरा खुलला. “बघा बाई, या वर्षीचं निरंक तर शंभर टक्के खरं आहे.”

सुतार गुडघ्यावर बसून चिठ्ठ्या गोळा करत होता. एका चिठ्ठीवर त्याचा हात थांबला. ते वाकडंतिकडं अक्षर तो घरातल्या डब्यांवर रोज वाचत होता.

‘दुसऱ्या मजल्यावरचा कठडा हलतो. कुणीतरी पडेल. आमच्या घरीच सुतार आहे. सांगितलंत तर येऊन ठोकून देईल.’

त्याची बायको इथे झाडलोट करायची. दोन वर्षांपूर्वी झाडताना ती त्याच कठड्यावरून खाली आली. चौकशीत तिने परोपरीने सांगितलं, मी चिठ्ठी टाकली होती. अहवालात आलं, तक्रारी निरंक, चूक कर्मचाऱ्याची. कठड्यावर ‘टेकू नये’ अशी पाटी लागली आणि ती अंथरुणाला खिळली. तरी ती भांडत होती. तिचं तोंड मिटलं ते नवऱ्याच्या एका वाक्याने. “टाकली असतीस तर निघाली असती ना,” असं तो म्हणाला होता. ज्याने पेटी बिनदाराची केली, तोच. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

सुताराला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“आटपा,” साहेब म्हणाले. “हे सगळं परत आत भरा, तळ ठोका आणि लावून टाका. पाहुणे येतीलच.”

सुताराने ती एक चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली, हत्यारांची पिशवी उचलली आणि तो जिना चढू लागला. साहेबांना वाटलं, काहीतरी आणायला गेला असेल.

बाईंनीच कशीबशी पेटी भरली आणि कोपऱ्यात ठेवून तिच्यावर टेबलाचं कापड टाकलं. पाहुणे आले. फलक साहेबांनी हातातच धरला. टाळ्या सुरू झाल्या आणि त्याच वेळी वरून हातोड्याचे घाव ऐकू येऊ लागले. टाळ्या थांबल्या, घाव थांबले नाहीत.

साहेब तरातरा वर गेले. ‘टेकू नये’ची पाटी जमिनीवर पडली होती. सुतार कठड्यावर आपला सगळा भार टाकून तो हलतोय का बघत होता.

“अहो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?” साहेब दबक्या आवाजात ओरडले. “काही तक्रार आलीय का कठड्याची?”

सुताराने तोंडात धरलेले खिळे काढून हातात घेतले.

“घरून निरोप होता, साहेब,” तो म्हणाला. “मला पोचायला उशीर झाला.”